बाळाला सर्दी-खोकला झालाय: घरी काय करायचं, कधी निघायचं

मृग लागला की कोकणात घराघरांतून बाळांची नाकं वाहायला लागतात आणि गणपती होऊन गेले तरी थांबत नाहीत. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे. मोठं भावंड अंगणवाडीत किंवा शाळेत जात असेल तर आणखी एक-दोनदा. त्यामुळे पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांनी ही कामं एकदा नीट शिकून घेतली, की ती पुढची चार-पाच वर्षं पुरतात.

सर्दी जवळजवळ नेहमीच विषाणूंमुळे होते. तिला मारणारं औषध नाही आणि ते लागतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, आठवडा-दहा दिवसांत नाक थांबतं. खोकला मात्र मागे रेंगाळतो: निम्म्या मुलांचा दहाएक दिवसांत जातो, उरलेल्या बहुतेकांचा तीन-साडेतीन आठवड्यांत. पाण्यासारखा शेंबूड मधल्या दिवसांत पिवळा-हिरवा होतो. तेवढ्यावरून जंतुसंसर्ग ठरत नाही, आणि तेवढ्यासाठी मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली फ्रिजमधून काढू नका. घशात ओघळलेला शेंबूड छातीत जाऊ नये म्हणून खोकला येतो. तो बाळाच्या कामाचा आहे.

म्हणून घरी तीन गोष्टींकडे बघायचं: श्वास, नाक आणि पोटात जाणारं दूध-पाणी. यातलं पहिलं काम बहुतेक घरांत होतच नाही. सगळे कान लावून खोकल्याचा आवाज ऐकत बसतात. आवाजावरून आजार किती मोठा आहे ते कळत नाही; ठसकेबाज खोकणारं पोर मजेत खेळत असतं आणि न्यूमोनिया झालेलं तान्हं कधी कधी फारसं खोकतही नाही.

श्वास मोजायला शिका

बाळ धडधाकट असतानाच एक-दोनदा मोजून बघा, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा आणि नेहमीची पोटाची हालचाल डोळ्यांत बसते.

बाळ झोपलेलं किंवा शांत असावं. रडून, दूध पिऊन किंवा खेळून झाल्यावर लगेच मोजलं तर आकडा फुगतो. झबलं छातीपर्यंत वर करा, दुपटं बाजूला सारा. पोट आणि बरगड्यांचा खालचा भाग दोन्ही एका नजरेत दिसले पाहिजेत. हात ठेवू नका, हात लागला की बाळ श्वास बदलतं. रात्री वीज गेलेली असेल तर मोबाईलची बॅटरी वरून डोळ्यांवर न मारता बाजूने, अंथरुणाच्या पातळीवरून धरा. सावलीमुळे पोटाचं वरखाली होणं जास्त स्पष्ट दिसतं. पोट एकदा वर जाऊन खाली आलं की एक श्वास. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या, म्हणजे तुमची नजर पोटावरून हलणार नाही.

पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची सवय मोठ्यांना चालते, तान्ह्यांना नाही. लहान बाळं चार-पाच श्वास भराभर घेतात, मग काही सेकंद थांबतात, परत सुरू करतात. हे त्यांचं नैसर्गिक आहे, पण अर्ध्या मिनिटात नेमका भराभर तुकडा आला तर आकडा भलताच येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या आणि आपल्या आरोग्य केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. एवढा आकडा आला तर श्वास जोरात चाललाय. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर; दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लगेच. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर एकदा मोजून बघायला हरकत नाही. मात्र पुढची खूण दिसत असेल तर ताप उतरायची वाट बघू नका.

ती खूण म्हणजे छाती आत ओढली जाणं. एरवी श्वास आत घेताना पोट आणि छाती दोन्ही एकदम वर येतात. फुप्फुसाला जोर लावावा लागला की पोट वर येतं आणि त्याच क्षणी बरगड्यांची खालची कड आत जाते, जणू कुणी आतून दोरी ओढली. प्रत्येक श्वासाला असं होतंय का ते बघा. एखाद्या हुंदक्याला झालं तर ते धरायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची छाती मऊ असते, तिथे थोडंसं खेचलं जाणं चालतं. खोल खड्डा पडत असेल तर नाही. नाकपुड्या फुलणं आणि प्रत्येक उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणं या त्याच्याच बहिणी.

आता घरघरीबद्दल. ‘छातीत कफ भरलाय, हाताला लागतो’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बाळाची छाती पातळ असते, नाकातल्या शेंबडाचा आवाज तिथपर्यंत उतरतो आणि पाठीवर ठेवलेल्या तळव्याला थरथर जाणवते. ओळखायची सोपी युक्ती: नाक पुढे सांगितल्याप्रमाणे साफ करा आणि पाठीवर पुन्हा हात ठेवा. थरथर गेली किंवा बरीच कमी झाली तर ती नाकाची होती. श्वास सोडताना बारीक शिटीसारखा आवाज येत असेल, किंवा शांत पडलेलं असतानाही आत घेताना घशातून कर्कश ओढल्यासारखा आवाज येत असेल, तर ती घरघर नव्हे. तिथे घरचे उपाय थांबतात.

मोजलेला आकडा वेळेसकट भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहा. पहाटे तीनला डोळ्यांवर झोप असताना ‘मघापेक्षा वाढलाय का’ हे आठवत नाही.

नाक मोकळं करणं

तान्ही बाळं चार-सहा महिन्यांपर्यंत प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, दोन घोट घेऊन तोंड सोडतं, रडतं. आईला वाटतं दूध कमी पडतंय. खरं तर नाक मोकळं झालं की निम्मा आजार हलका होतो.

यासाठी लागतं खारट पाणी, म्हणजे सलाईनचे नाकाचे थेंब. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. घेताना लेबल वाचा: त्यावर फक्त सोडियम क्लोराईड लिहिलेलं पाहिजे. तशाच दिसणाऱ्या छोट्या बाटलीत ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनही येतं. ते नाकाच्या रक्तवाहिन्या आकसवणारं औषध आहे, लहान बाळाला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घालायचं नाही, आणि चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं तर नाक उलट जास्त चोंदतं.

पावसात रस्ता बंद आहे, थेंब संपलेत, अशा वेळी घरी करता येतात. १५० मिली पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, झाकून गार करा, त्यात औषधाच्या ५ मिलीच्या चमच्याने सपाट पाव चमचा बारीक मीठ विरघळवा. शीग लावून घेतलं तर झोंबतं, कमी पडलं तरी झोंबतं. प्रमाण अश्रूंइतकं खारट असायला हवं. पाकिटातलं स्वच्छ मीठ घ्या, मिठागराच्या जाड्या मिठात माती असते. आणि किनाऱ्यालगत, खाडीकाठी राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्यात आधीच किती मीठ आहे ते कळत नाही. तिथे पिण्याचं गोडं पाणीच वापरा. पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळून, गाळून मग उकळा. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या.

घालायची पद्धत. बाळाला मांडीवर उताणं घ्या, मान किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, एका वेळी एकच बाजू. ड्रॉपरचं टोक नाकाला टेकवू नका. बाळ शिंकेल, ठसकेल, थोडं गिळेल, सगळं ठीक आहे. मिनिटभर तसंच धरा, मग खांद्यावर उभं घ्या. बहुतेक वेळा मऊ झालेला शेंबूड आपोआप बाहेर येतो नाहीतर घशात उतरतो. बाहेर आलेला मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका. सुकलेली खपली नखाने किंवा कानकाडीने काढायला जाऊ नका. आणखी दोन थेंब घाला आणि थांबा.

एवढं करूनही नाक वाजतंय, दूध ओढता येत नाही, तर रबरी फुग्याने ओढा. फुगा नाकाबाहेरच दाबायचा, दाबलेला असतानाच टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं आणि हळूहळू सोडायचा. नाकात टोक घालून मग दाबणं ही नेहमीची चूक. त्याने शेंबूड आत ढकलला जातो. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, आतली त्वचा सुजते आणि सूज म्हणजे पुन्हा चोंदणं. वापरून झाला की साबणाच्या पाण्याने आतून धुवून उभा वाळवा. दमट हवेत फुग्याच्या आत बुरशी धरते, दिसतही नाही, म्हणून वास कुबट आला की तो फेकून नवा आणा.

वेळ: दूध पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आणि झोपवायच्या आधी. पोट भरल्यावर केलंत तर उलटी ठरलेली.

पोटात काय जाईल

सहा महिन्यांच्या आत फक्त आईचं दूध. थोडं थोडं, पण जास्त वेळा. दर वेळी दहा मिनिटं प्यायचं ते पाच मिनिटं प्यायलं तर दुप्पट वेळा जवळ घ्या. आईला स्वतःला सर्दी असेल तरी पाजणं थांबवायचं नाही. तोंडाला रुमाल बांधा, हात धुवा, बस्स.

सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला पेज. उकड्या तांदळाची सैल पेज, चिमूटभर मीठ घातलेली, कोमट, वाटी-चमच्याने. वर्षावरच्या मुलाला कुळथाची पिठी, मऊ भात, मुगाचं कढण, जे आवडेल ते. आजारपणात चार घास कमी गेले तर चालतं, पाणी कमी गेलेलं चालत नाही. केळं, दही, शहाळं यांनी कफ होतो असं सगळीकडे मानतात. केळ्याने किंवा दह्याने सर्दी वाढते असं वैद्यकशास्त्रात दिसत नाही. मूल दुसरं काही खात नसेल आणि केळं मागत असेल तर द्या.

पुरेसं पाणी जातंय का याचं माप म्हणजे लघवी. दुपटी मोजा. नेहमीच्या निम्म्याने कमी झाली, किंवा सहा-आठ तासांत एकदाही झाली नाही, तर डॉक्टर.

मध हा खोकल्यावरचा खरोखर उपयोगी घरगुती उपाय आहे, पण वर्ष पूर्ण झाल्यावरच. झोपायच्या आधी एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा चहाचा चमचा, त्याहून मोठ्याला एक चमचा. वर्षाच्या आत चाटवणंसुद्धा नाही, घुटीतूनही नाही, रानातला अस्सल मध असला तरी नाही. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध अस्सल असण्याचा याच्याशी संबंध नाही.

तुळशीची पानं किंवा गवती चहाची पात उकळलेलं कोमट पाणी वर्षावरच्या मुलाला दोन-चार चमचे द्यायला हरकत नाही. घशाला बरं वाटतं. हळद-दूधही चालतं. यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा.

झोप, खोली, धूर

खोकणाऱ्या बाळाला डोकं उंच करून झोपवावं असं वाटतं. वर्षाच्या आतल्याला उशी देऊ नका, लोडाला टेकवू नका. घट्ट, सपाट अंथरुणावर उताणं. कापडी झोळीत बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच चोंदलेल्या नाकाची वाट आणखी अरुंद होते. बरं असताना झोळीत जोजवता तसं जोजवा, पण सर्दीच्या दिवसांत झोप लागली की खाली सपाट ठेवा. मधे मधे कडेवर उभं घेतलं की त्याला बरं वाटतं, ते जागेपणी हवं तितकं करा.

इंटरनेटवर जिकडेतिकडे ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र, लावा असं वाचाल. तो सल्ला कोरड्या हवेच्या, हीटर लावलेल्या घरांसाठी आहे. रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धनला जूनपासून हवेत इतकी ओल असते की आगपेटीची काडी पेटत नाही. इथे त्रास उलटा आहे: चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, कोपऱ्यात बुरशी येते, गोधड्यांना कुबट वास येतो, आणि वाळत घातलेले कपडे खोलीतच लटकत असतात. बाळाचं अंथरूण भिंतीपासून वीतभर तरी लांब घ्या. कपड्यांच्या दोऱ्या पडवीत न्या. उघडीप मिळाली की तासभर का होईना गोधड्या उन्हात टाका आणि खिडक्या उघडा. बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, उडते. बाळाला दुसऱ्या खोलीत नेऊन साबणाच्या पाण्याने पुसा आणि जागा सुकवा.

सगळ्यात मोठा शत्रू धूर. पावसाळ्यात सरपण ओलं, न्हाणीघरातली चूल धुमसते आणि धूर कौलांखाली भरून राहतो. चूल पेटलेली असताना बाळ घराच्या दुसऱ्या टोकाला, ओटीवर हवं. डासांची कॉइल, उदबत्त्या, विडी-सिगारेट, एप्रिल-मेमध्ये मागच्या अंगणात भाजल्या जाणाऱ्या काजूचा तो डोळे झोंबवणारा धूर, पौष-माघात बागेत मोहोरावर होणारी फवारणी: यांतलं काही चालू असेल तर बाळाला वाऱ्याच्या उलट बाजूला न्या. दुपटी वाळवायला किंवा ऊब यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं तर जिवावरचं आहे. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

आंघोळ बंद करायची गरज नाही. कोमट पाणी, पटकन, आणि लगेच कोरडं पुसणं. कानटोपी, मोजे, दोन झबली आणि वर शाल असा थाट आपल्या हवेत बाळाला घामेजून टाकतो. मानेमागे बोट घालून बघा; चिकट घाम लागला तर एक थर कमी करा.

ताप असेल तर

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं की घरी औषध द्यायचं नाही, थेट डॉक्टर, रात्र असली तरी. त्याहून मोठं मूल तापात किरकिरं, मलूल असेल तर पॅरासिटामॉल. खेळत असेल तर नुसत्या आकड्यासाठी देऊ नका.

मात्रा वजनावर ठरते: किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. खरी गडबड बाटल्यांमुळे होते. पॅरासिटामॉलचे थेंब साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात. सिरप ५ मिलीत १२५ किंवा २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम हवं. म्हणजे थेंबांचे दीड मिली, १२५ च्या सिरपचे सहा मिली, २५० च्या सिरपचे तीन मिली. ‘मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं’ असं आठवून थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं तर चौपट औषध जातं आणि यकृताला धोका होतो. म्हणून लसीकरणाला जाल तेव्हा बाळाचं वजन करून घ्या, मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि चिकटपट्टीने त्याच बाटलीवर लावा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा. ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाईड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर देशात २०११ पासून बंदी आहे. जुन्या औषधांच्या डब्यात असेल तर काढून टाका.

डब्यातून काय बाहेर काढायचं

खोकल्याचं सिरप. दुकानात मागितलं की मिळतं, म्हणून निरुपद्रवी वाटतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं सिरप घेतलेली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. तपासणीत त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य जवळजवळ निम्म्या प्रमाणात निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट कळवलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहू नयेत, पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे देऊ नयेत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरमध्येच क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली वापरू नयेत असा इशारा लेबलवर छापायला सांगितलं गेलं होतं. आणि भेसळ नसलेलं सिरपही लहान मुलाची सर्दी लवकर बरी करत नाही. गुंगी आणतं, एवढंच. गुंगलेल्या बाळाचा श्वास मोजून काही कळत नाही.

कापूर. खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला चोळायची पद्धत घरोघरी आहे. कापूर त्वचेतून, वासातून आणि चाटून शरीरात जातो, आणि लहान बाळाला त्याने आकडी येऊ शकते. दोन वर्षांखाली कापूर, निलगिरी, मेंथॉलची मलमं नकोत. नाकपुडीत किंवा नाकाखाली कोणत्याच वयात नकोत.

नाकात तेल किंवा तूप सोडणं. पातळ स्निग्ध पदार्थाने खोकला उठत नाही, तो गुपचूप फुप्फुसात उतरतो आणि तिथेच राहून न्यूमोनिया करतो.

धुरी. न्हाऊ घातल्यावर ओवा, लसणाच्या साली, धूप यांची धुरी बाळाला वास सुटावा, कफ सुटावा म्हणून देतात. ती सर्दी झालेल्या श्वासनलिकांना सुजवते. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकतात, तीही जपून: आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून बघा, आणि तान्ह्याला नकोच. पुरचुंडीने भाजल्याचे डाग बऱ्याचदा पडतात.

पातेल्याची वाफ. कढत पाणी सांडून पोळण्याचा धोका इतका मोठा आहे, की लहान मुलाला पातेल्यावर वाकवूच नका. वेखंड उगाळून चाटवणं, अंदाजाने पिळलेला अडुळशाचा रस, रात्री झोप लागावी म्हणून ब्रँडीचे थेंब: तिन्ही बंद. शेजारच्यांचं नेब्युलायझरचं यंत्र आणि त्यातलं औषधही उसनं घेऊ नका.

हे सगळं आजीला किंवा सासूबाईंना सांगायचं कसं, हा बऱ्याच घरांतला खरा प्रश्न. नुसतं ‘नको’ म्हटलं की वाद होतो, आणि तुम्ही आंघोळीला गेलात की कापूर लागतोच. त्यांच्या हाताला काम द्या. साध्या कोमट खोबरेल तेलाने तळव्यांना, पाठीला हलकं चोळणं, बाळाला उभं धरून फिरवणं, पेज करणं, श्वास मोजताना घड्याळ धरणं. श्वास मोजायला शिकलेली आजी घरातली सगळ्यात भरवशाची नर्स होते, कारण तिची नजर बाळावरून हटत नाही.

लांबलेला आणि वेगळा खोकला

खेळता खेळता किंवा खाता खाता अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला ही सर्दी नव्हे. शेंगदाणा, काजूचा तुकडा, जांभळाची बी, चिंचोका श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. खोकला नंतर थांबला तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखवा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, त्यात वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, किंवा घरात कुणाला क्षयरोग: तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती मोफत होते. खोकून खोकून शेवटी उलटी होते, तोंड लाल-निळं पडतं, उबळ संपताना ओढलेला आवाज येतो, तर तो डांग्या खोकला असू शकतो. लसी वेळेवर झाल्यात का ते कार्डावर बघा: सहा, दहा, चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट (हिच्यात डांग्या खोकल्याची लस असते), न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकलची सहा आणि चौदा आठवड्यांची आणि नवव्या महिन्याची, मग दीड वर्षाच्या आसपासचा डांग्या खोकल्याचा (डीपीटी) बूस्टर. दर पावसाळ्यात, दर थंडीत रात्री उठून खोकणाऱ्या, पळाल्यावर शिटी वाजणाऱ्या मुलाला दम्यासाठी दाखवा.

कधी निघायचं आणि कसं

लगेच निघायचं ते या खुणांवर: छाती आत ओढली जातेय, प्रत्येक उच्छ्वासाला कण्हतंय, शांत असताना कर्कश आवाज, ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी, दूध-पाणी ओढतच नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटतंय, उठवलं तरी डोळे उघडत नाही, अंग सैल, आकडी, श्वास मधेच दहा सेकंदांहून जास्त थांबतोय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास दोनदा मोजून ६० किंवा जास्त आला, तरी लगेच. घरी ऑक्सिमीटर असेल तर ९० च्या खाली आकडा म्हणजे तातडी, ९४ च्या खाली म्हणजे त्याच दिवशी दाखवणं. पण मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याला नीट बसत नाही, तेव्हा त्याने ९८ दाखवलं म्हणून छातीची खूण नाकारू नका.

गावाकडे आणखी एक हिशेब असतो. वाडीतून रस्त्यापर्यंत पायवाट, शेवटची एसटी संध्याकाळी, मधे ओढा, घाटात दरड. म्हणून सर्दीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, विशेषतः वर्षाच्या आतलं बाळ असेल तर, दुपारी चार वाजता ठरवून श्वास मोजा. आकडा मर्यादेच्या जवळ असेल, दूध निम्म्यावर आलं असेल, बाहेर पाऊस धरलेला असेल, तर उजेड आहे तोवर निघा. आशाताईंना श्वास मोजायचं प्रशिक्षण असतं. शंका आली की आधी त्यांना हाक मारा. रात्री १०८ ला फोन लावा, रुग्णवाहिका मोफत असते. रेंज कुठल्या माळावर, कुठल्या वळणावर मिळते ते घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत हवं, आणि घराची खूण सांगताना देऊळ किंवा शाळा सांगा. नुसतं वाडीचं नाव सांगितलं तर गाडी भलत्याच फाट्यावर जाते.

बरोबर लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि श्वासाचे आकडे लिहिलेलं कॅलेंडरचं पान घ्या. डॉक्टरांना सांगताना आकड्यापासून सुरुवात करा: ‘सात महिन्यांचा आहे, दुपारी चारला ४६ होते, आत्ता ५८ आहेत, सकाळपासून दोनदाच शू केलीय.’ वाटेत बाळाला छातीशी उभं धरा, शुद्धीत असेल आणि ओढत असेल तर पाजत राहा, आणि पावसासाठी शाल पांघरलीत तरी नाक-तोंड उघडं ठेवा.